निवास, न्याहारी आणि द्राक्षबाग

नाशिकचा वाइनपट्टा सलग नाही, चार ठिकाणी विखुरलेला आहे. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूने गंगापूर, सावरगाव, गंगाव्हरे ही गावे. उत्तरेला दिंडोरी तालुका. पूर्वेला निफाड आणि त्याच्या पलीकडे विंचूर. आणि मुंबईहून येताना नाशिकच्या अलीकडे, मुकणे धरणाच्या पाण्याजवळचे सांजेगाव. सांजेगावहून विंचूरला जायचे तर नाशिक शहर ओलांडून शंभरेक किलोमीटरची रपेट होते. नकाशावर मात्र वायनऱ्यांच्या खुणा दाटीवाटीने दिसतात आणि दोन दिवसांत सहा-सात ठिकाणे उरकून टाकण्याचा मोह होतो. दोघांच्या सहलीचा विचका बहुधा इथेच होतो. निम्मा दिवस गाडीत जातो आणि संध्याकाळी कोणती वाइन कुठे प्यायली हेही नीट आठवत नाही. त्यामुळे आधी महिना ठरवावा, मग बाजू, मग मुक्कामाचे घर. वायनऱ्या त्यानंतर.

महिना द्राक्षाच्या वेलीला विचारून ठरवावा. युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जाते, वसंतात फुटते आणि घड ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरतात. महाराष्ट्रात वेलीला तशी झोप नाही, आणि ऐन पावसाळ्यात माल तयार झाला तर डावणी आणि भुरी हे रोग तो हाती लागू देत नाहीत. म्हणून इथला बागाईतदार वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो आणि पीक एकदाच घेतो. काढणी संपली की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडावरच्या, जुन्या काड्या काढून टाकल्या जातात, नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्मरूपात तयार होतात. पाऊस ओसरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, दुसरी छाटणी होते. तिला गोडी छाटणी म्हणतात. तिथून चारेक महिन्यांनी, जानेवारीपासून मार्चपर्यंत, वाइनची द्राक्षे उतरतात. पांढऱ्या वाणांची आधी, लाल वाणांची मागून. कोरडी हवा, दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारठा या तिन्हींचा मेळ याच काळात बसतो. निफाडचे रात्रीचे तापमान तर राज्याच्या थंडीच्या बातम्यांत दरवर्षी असतेच.

बाग पाहायची असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. खाण्याची द्राक्षे मांडवावर किंवा वाय आकाराच्या सांगाड्यावर घेतात. वाइनच्या वेली तारांवर उभ्या बांधलेल्या असतात आणि घड गुडघ्या-कमरेच्या उंचीला लागतात. शिराझ या लाल वाणाचा मणी खाण्याच्या द्राक्षापेक्षा कितीतरी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. चावला की आधी गोडी लागते आणि मागून साल जीभ आकसून टाकते. लाल वाइन जिभेला जो तुरटपणा देते तो याच सालीतून आणि बियांतून आलेला असतो. काढणी पहाटे सुरू होते, कारण द्राक्ष थंड असतानाच वायनरीत पोहोचावे लागते. सकाळी आठ-नऊला क्रेट भरलेले ट्रॅक्टर वायनरीच्या दारात उभे दिसतात, आणि एखादा माणूस मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून, डोळा मिटून, साखर मोजताना दिसतो. वाइनला हा आकडा बावीस-चोवीस ब्रिक्सच्या आसपास लागतो. लाकडी टबात उतरून द्राक्षे तुडवण्याचा खेळ याच हंगामात पर्यटकांसाठी मांडला जातो. फोटो छान येतात; प्रत्यक्ष कामात द्राक्षे यंत्रच फोडते.

या हंगामाची दुसरी बाजू म्हणजे गर्दी. शनिवार-रविवारी गंगापूरच्या बाजूला वाहनांची रांग लागते. प्रजासत्ताक दिनाची जोडून आलेली सुट्टी पाहून अनेकजण बेत आखतात, पण २६ जानेवारी हा मद्यविक्रीबंदीचा दिवस असतो. मतदान संपेपर्यंतचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस हेही तसेच. रविवारी संध्याकाळी पोहोचून बुधवारी परतणे हा सर्वांत सुखाचा बेत. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. त्या वर्षी पर्वण्यांच्या आसपास या भागात दोघांच्या निवांतपणासाठी जाण्यात अर्थ नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये घड नसतात आणि टाक्याही शांत असतात, पण सांजेगाव-इगतपुरीकडचे डोंगर ढगांत जातात, खोल्या सहज मिळतात आणि टेस्टिंगच्या टेबलामागच्या माणसाला बोलायला सवड असते. गर्दीचा तिटकारा असलेल्यांनी फेब्रुवारीपेक्षा ऑगस्ट निवडावा. एप्रिल-मे मात्र टाळावा. तेव्हा बागेत खरडलेले खुंट आणि ऊन याखेरीज काही नसते.

आता मुक्काम. ‘निवास व न्याहारी’ हे नाव मराठी पर्यटकाला कोकणामुळे ओळखीचे आहे. राज्याच्या पर्यटन खात्याच्या या योजनेत घरमालक आपल्या राहत्या घरातल्या काही खोल्यांची नोंदणी करून त्या पाहुण्यांना देतो. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत एका घरात एक ते सहा खोल्यांची, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटांची मर्यादा आहे. मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे ही अट महत्त्वाची. नाशिक परिसरात ‘होमस्टे’ या पाटीखाली आज बरेच काही खपते. अख्खा बंगला भाड्याने देऊन किल्ली गेटवरच्या माणसाकडे ठेवणारे आहेत, दहा-बारा तंबू ठोकलेले आहेत, आणि २०२०च्या कृषी पर्यटन धोरणानंतर वाढलेली शेतावरची केंद्रेही आहेत. ती वाईट असतात असे नाही, पण दोघांच्या सहलीत घरमालकाचा उपयोग मोठा. कोणत्या बागेत काढणी चालू आहे, कोणत्या वायनरीत आज लग्नाचा कार्यक्रम असल्याने जाऊ नये, धरणाच्या कोणत्या बाजूने सूर्यास्त दिसतो, हे त्याला ठाऊक असते. बंगल्याच्या किल्लीबरोबर ही माहिती मिळत नाही.

तिसरा पर्याय वायनऱ्यांच्या स्वतःच्या खोल्यांचा. सुला या वायनरीची गंगापूरजवळ ‘द सोर्स’ आणि ‘बियाँड’ ही दोन ठिकाणे आहेत. गंगाव्हऱ्यात सोमा व्हाइन व्हिलेज आहे. सांजेगावजवळच्या व्हॅलोने वायनरीत मोजक्या खोल्या आहेत आणि त्या बागेवर व पाण्यावर उघडतात. सुलाची दोन्ही ठिकाणे प्रत्यक्षात रिसॉर्ट आहेत: पोहण्याचा तलाव, बुफे, शनिवारचे संगीत. निवास-न्याहारीचा खरा स्वभाव व्हॅलोनेसारख्या लहान जागेत किंवा गंगापूर, गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरी या बाजूंच्या शेतघरांत सापडतो. तीन रात्रींचा मुक्काम असेल तर दोन रात्री घरगुती ठिकाणी आणि एक वायनरीच्या आवारात, ही विभागणी चांगली जमते. वायनरीतल्या रात्रीचा एक मोठा फायदा म्हणजे जेवणाबरोबर वाइन घेतल्यावर गाडी चालवावी लागत नाही.

घर ठरवताना फोनवर दोन-चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि त्यातली पहिली गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही: घरात वाइन चालते का? नाशिक जिल्ह्यातली पुष्कळ शेतकरी घरे माळकरी आहेत. बागेतली द्राक्षे वायनरीला जात असली तरी उंबऱ्याच्या आत बाटली येत नाही, आणि मांसाहारही होत नाही. अशा घरात राहणे हा वेगळा आनंद आहे, पण ते आधी माहीत असावे. बॅगेतली शिराझ गपचूप न्हाणीघरात उघडण्याची पाळी कोणावर येऊ नये. परवाना नसलेले घर पाहुण्यांना वाइन विकूही शकत नाही, तेव्हा चालणाऱ्या घरातसुद्धा बाटली आपली आपणच आणायची असते. दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. सोलरवर अवलंबून असलेल्या घरात धुक्याच्या सकाळी पाणी कोमट येते आणि जानेवारीत ते पुरत नाही. तिसरा फवारणीचा. गोडी छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत बागाईतदार ट्रॅक्टरला ब्लोअर लावून भल्या पहाटे औषध मारतात. खिडकीखालीच बाग असेल तर पाच वाजता त्या आवाजाने दोघेही जागे होतात आणि वासही खोलीत येतो. बागेला लागून असलेली खोली फेब्रुवारीत घ्यावी, नोव्हेंबरमध्ये घराच्या दुसऱ्या बाजूची मागावी.

लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. ओळखपत्र दोघांचेही लागते. तरीही कुटुंबाच्या घरात राहायचे असल्याने मालकाचा कल आधी विचारून घेतलेला बरा. रात्री नऊला दारात वाद घालण्यापेक्षा फोनवरचा नकार परवडतो.

वायनऱ्या निवडताना त्यांचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला नव्हे तर पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला झाली. श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने तिथे फसफसणारी वाइन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. अमेरिकेत शिकून परतलेले राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये गंगापूरजवळच्या घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षे लावली. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व सांगली जिल्ह्यातले पलूस इथे वाइन पार्क उभारले. सुलाने २००५ मध्ये पर्यटकांसाठी टेस्टिंग रूम उघडली आणि वाइन हे पाहायला जाण्यासारखे काहीतरी आहे हे मराठी मध्यमवर्गाला प्रथम कळले. मात्र २००८-०९च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांचा खप घसरला, लहान वायनऱ्या बुडाल्या, अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. या पडझडीच्या खुणा अजून रस्त्यावर दिसतात: रंग उडालेली पाटी, बंद फाटक, मागे गंजलेल्या टाक्या. जुन्या याद्यांवर विसंबून निघालेले जोडपे अशा फाटकापुढे हमखास उभे राहते. जाण्याआधी फोन करावाच, कारण चालू असलेल्या लहान वायनऱ्याही आधी कळवल्याशिवाय पाहू देतील असे नाही.

गंगापूरच्या बाजूला सुला आणि तिच्यापासून जवळच असलेली यॉर्क (२०२१ पासून तीही सुलाकडेच आहे) ही जोडी एका दिवसाला पुरते. मोठा कारखाना पाहायचा तर सुला. निवांत बसायचे तर यॉर्कच्या गच्चीसारखी जागा. सांजेगावला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा जवळजवळ आहेत. त्यांपैकी ग्रोव्हर हे नाव मूळचे बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सचे. २०१२ मध्ये नाशिकच्या कंपनीशी त्याचे एकत्रीकरण झाले. निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो आहे आणि नेरो दाव्होला, ग्रिलो असे इटालियन वाण तिथे लावलेले आहेत. दिंडोरीत फ्रेंच शांदोँ कंपनी बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याच्या पद्धतीने फसफसणारी वाइन करते. एका दिवशी दोन वायनऱ्या, त्याहून अधिक नाही. तिसऱ्या ठिकाणी जीभ काही सांगत नाही, सगळे ग्लास सारखेच लागतात.

कारखान्याची फेरी सगळीकडे साधारण सारखी असते, म्हणून ती एकदाच नीट पाहावी. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा करतात आणि तो थंड टाकीत सावकाश आंबवतात. लाल वाइनचा रस सालीसकट आंबतो आणि वर तरंगणारा सालींचा थर पुन्हा पुन्हा खाली ढकलावा लागतो. हंगामात टाकीजवळ उभे राहिले की आंबण्याचा वास नाकात भरतो. तो पिकलेल्या पेरूसारखा आणि थोडा पावाच्या पिठासारखा असतो. टेस्टिंगमध्ये क्रम ठरलेला असतो: फसफसणारी आणि पांढरी आधी, मग रोझे, मग लाल, शेवटी उशिरा काढलेल्या द्राक्षांची गोड वाइन. ग्लास देठाला धरावा, फिरवावा, आधी वास घ्यावा. नाशिकच्या सोव्हिन्यो ब्लाँमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास सहज ओळखू येतो, शेनिन ब्लाँमध्ये पेरू-अननसाकडे झुकणारा, शिराझमध्ये मिऱ्याचा. सोबत ठेवलेल्या भांड्यात उरलेली वाइन ओतून देणे किंवा चूळ थुंकणे यात कमीपणा काही नाही, जगभर जाणकार तेच करतात. भांड्याकडे पाहून लाजणारेच दुपारी दोन वाजता झोपलेले आढळतात.

टेस्टिंगच्या दिवशीची न्याहारी हा या सहलीतला नाजूक विषय आहे. नाशिकला आलेल्या माणसाला मिसळ हवीच असते, आणि घरमालकीण प्रेमाने पहिल्याच सकाळी काळ्या मसाल्याची तर्री पुढे करते. त्यानंतर दोन तास जिभेला सोव्हिन्यो ब्लाँ आणि पाणी यांतला फरक कळत नाही. टेस्टिंगच्या सकाळी पोहे, उपमा किंवा धिरडी सांगून ठेवावीत. मिसळ परतीच्या दिवशी, आणि तीही बाहेर खावी. साधना या उपाहारगृहाची चुलीवरची मिसळ प्रसिद्ध आहे, आणि मखमलाबादच्या बाजूला ग्रेप एम्बसीमध्ये द्राक्षबागेत बसून मिसळ मिळते. वाइनबरोबर जेवताना लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की तिखटाबरोबर तुरट लाल वाइन अधिकच आग करते. तिखट रश्शाला किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा फसफसणारी वाइन सोसते. काळ्या मसाल्याचे मटण तिखट कमी असेल तर शिराझबरोबर सुरेख लागते. लाल वाइन नाशिकच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला पिऊ नये, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून घ्यावी.

मराठी जोडप्यांत दोघेही वाइन पिणारे असतातच असे नाही. एकाला हौस आणि दुसऱ्याला वासही नको, हा नमुना नेहमीचा. अशा वेळी वायनरीच्या दिवसाला न पिणाऱ्याच्या आवडीचे काही जोडावे. निफाडच्या बाजूला नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. थंडीतल्या सकाळी तिथे बदकांचे थवे पाहून दुपारी वायनरीत जाता येते. विंचूरहून पुढे येवला, म्हणजे पैठणीचे माग, फार लांब नाही. तो फेरफटका वाइनपेक्षा महाग पडू शकतो. गंगापूरच्या बाजूला धरणाचा काठ आणि एमटीडीसीचे ग्रेप पार्क आहे, तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर.

महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, कडक मद्यासाठी २५ वर्षांची आहे. तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावे. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल सापडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वाइनमध्ये १२-१४ टक्के अल्कोहोल असते आणि टेस्टिंगचे पाच-सहा घोट मिळून ही मर्यादा ओलांडू शकतात. दोघांपैकी एकाने न पिण्याचे ठरवणे कागदावर सोपे वाटते, पण सहल दोघांची असते. घरमालकामार्फत गावातली गाडी दिवसभरासाठी ठरवणे हा खर्च सगळ्यांत सार्थकी लागणारा. मोबाइलवरून बोलावलेली गाडी वायनरीपर्यंत सोडते, पण सांजेगाव किंवा गंगाव्हऱ्याहून परतीला संध्याकाळी तशी मिळेलच याची खात्री नाही.

मुंबईकरांना रेल्वेने नाशिक रोडला उतरता येते. स्थानक शहराच्या एका बाजूला आणि गंगापूर दुसऱ्या बाजूला असल्याने पुढे तासाभराचा हिशेब धरावा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाचा जाच टळला आहे. गाडीने येणाऱ्यांनी पहिल्या दिवशी दुपारी सांजेगावला थांबून जेवावे, संध्याकाळी उजेडात गंगापूरच्या बाजूच्या मुक्कामी पोहोचावे, दुसरा दिवस तिथेच घालवावा आणि तिसऱ्या दिवशी दिंडोरी किंवा निफाड यांपैकी एकच बाजू धरावी. पुण्याहून येणाऱ्यांची वाट नारायणगाव-संगमनेर-सिन्नर अशी. सिन्नरला गोंदेश्वराचे यादवकालीन मंदिर पाहण्यासाठी तासभर राखून ठेवावा.

पुणे-सोलापूरकडच्या जोडप्यांना नाशिक लांब वाटत असेल तर अकलूज आहे. माळशिरस तालुक्यात फ्राटेली कंपनीच्या बागा आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांची ही भागीदारी असून तिथे सांजोव्हेझे हा तस्कनीचा वाण पिकतो. बागेतच पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि मुक्कामाची व्यवस्था आधी ठरवूनच होते. आसपास बाजारपेठ किंवा कॅफे नाहीत, माळरान आणि बाग एवढेच. एका रात्रीसाठी ते पुरेसे आहे.

परतताना घेतलेल्या बाटल्यांची पावती जपून ठेवावी आणि बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. बंद डिकीतल्या उष्णतेने वाइन दोन-तीन तासांत बिघडू शकते. फडक्यात गुंडाळून पायाशी, एसीच्या झोतात ठेवणे चांगले. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते, बुचाची आडवी ठेवावी. उघडलेली पांढरी बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.